सर्व्हरचे हार्डवेअर साध्या संगणकापेक्षा वेगळे असते का? त्यात मुख्य भाग कोणते?

भाग तेच असतात: प्रोसेसर, मेमरी, डिस्क, मदरबोर्ड, नेटवर्क कार्ड आणि पॉवर सप्लाय. मात्र सर्व्हर रात्रंदिवस न थांबता चालावा आणि एखादा भाग निकामी झाला तरी काम अडू नये, या हिशेबाने ते निवडलेले असतात. प्रोसेसरमध्ये कोअर, म्हणजे स्वतंत्रपणे काम करणारे गणनेचे भाग, अधिक असतात, आणि अनेक मदरबोर्डांवर दोन प्रोसेसर बसतात.

माझ्या मते खरा फरक मेमरीत आहे. सर्व्हरमध्ये ईसीसी मेमरी असते. उदाहरणार्थ, डीडीआर४ प्रकारात दर ६४ बिट माहितीमागे तपासणीचे ८ जादा बिट असतात, त्यामुळे एखाद्या ० चा चुकून १ झाला तर ती चूक तिथल्या तिथे दुरुस्त होते आणि दोन बिट बिघडल्यास ते निदान लक्षात येते. साध्या संगणकात अशी चूक कोणाच्याही नकळत थेट हिशेबात शिरू शकते.

डिस्क बहुधा रेड (RAID) पद्धतीने जोडतात, म्हणजे माहिती अनेक डिस्कवर अशी ठेवतात की एक डिस्क बिघडली तरी ती शाबूत राहते. एक डिस्क गेली की तिच्यावरचा दिवा रंग बदलतो. खटका दाबून ती ओढून काढायची आणि सर्व्हर चालू असतानाच नवी सरकवायची. तरीही रेड म्हणजे बॅकअप नव्हे, कारण चुकून पुसलेली फाइल सगळ्याच डिस्कवरून जाते.

पॉवर सप्लाय सहसा दोन असतात. ते वेगवेगळ्या वीजजोडण्यांवर लावावेत. सर्व्हर ज्या चौकटीत एकावर एक बसवतात त्या रॅकची रुंदी १९ इंच असते आणि सर्व्हरची उंची १.७५ इंचांच्या ‘यू’ या एककात मोजतात.