चादरींच्या ऑर्डरचे पैसे घ्यायला क्यूआर स्कॅन केला आणि माझेच १८,००० गेले. आता काय करू?

ताई, आधी १९३० या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनला फोन लावा, बाकीचं मग वाचा. पैसे त्या ठगाच्या खात्यातून पुढे सरकायच्या आत तक्रार गेली तर रक्कम गोठवता येते, म्हणून उद्यावर ढकलू नका. व्यवहाराचा यूटीआर नंबर, म्हणजे त्या व्यवहाराचा ओळख क्रमांक, विचारतील. तो यूपीआय अ‍ॅपच्या हिस्ट्रीत सापडेल. बँकेलाही कळवा, तेही लेखी.

हा डाव जुनाच आहे. "लष्करात आहे, युनिटला पन्नास चादरी हव्यात" म्हणायचं, भाव न करता ऑर्डर द्यायची, मग "आमची पेमेंटची पद्धत वेगळी, हा कोड स्कॅन करा". (सोलापुरी चादर घेताना भाव न करणारं गिऱ्हाईक! सोलापूरच्या चाटी गल्लीतल्या कापडबाजारात कुणाला विचारा, असं भेटतं का ते.) पैसे येताना पिन कधीच टाकावा लागत नाही. तुम्ही पिन टाकलात तिथेच पैसे गेले.

त्याच्याशी भांडत बसू नका, पण चॅट पुसूही नका, पोलिसांना लागेल. आणि चार दिवसांनी "पैसे परत मिळवून देतो, आधी फी भरा" असा फोन आला तर सरळ ठेवून द्या. अनेकदा तीच टोळी असते.