फोन वडिलांचा असतो, हे धरून चाल

प्रिय पोरी,
अनेक आशीर्वाद.

दहावीच्या पोरांसाठी ऑनलाइन वर्ग काढायचा म्हणतेस, आणि पहिला प्रश्न काय, तर 'सर, कुठलं अ‍ॅप घेऊ?' मूडल घे, म्हणजे ऑनलाइन वर्ग चालवायचं सॉफ्टवेअर. 2002 पासून आहे, फुकट आहे, उद्या सर्व्हर बदललास तरी अख्खा कोर्स उचलून नेता येतो. बॅकअप मात्र वेगळ्या जागी ठेव आणि तो उघडतोय का, हे अधूनमधून बघ. झालं.

खरं काम मजकुराचं. पुण्या-मुंबईचे मराठी व्हिडिओ आपल्या पोरांना अर्धेमुर्धेच लागू पडतात. बेळगावकडच्या खानापूर-निपाणीच्या मराठी शाळांत पुस्तक कर्नाटकचं, परीक्षा एसएसएलसीची, म्हणजे तिथल्या दहावीची. म्हणून मजकूर तुलाच लिहावा लागणार; सुरुवातीला एकच विषय धर. विज्ञान बास.

फोन पोरांचा नसतो, वडिलांचा असतो. ते शेतातून किंवा उद्यमबागेतल्या कारखान्यातून येणार, मग तो पोरांच्या हातात पडणार. चाचणीची वेळ संध्याकाळी पाचला संपवलीस तर हुशार पोरगंही गैरहजर दिसेल. रात्री दहापर्यंत ठेव. पावसाळ्यात जांबोटी-कणकुंबीकडे लाइट जाते, रेंज जाते. मूडलच्या अ‍ॅपमध्ये चाचणी ऑफलाइन सोडवता येते, पण ती सोय तुलाच चालू करावी लागते. व्हिडिओचा मोह आवर. सेकंदाला एक मेगाबिटचा दहा मिनिटांचा व्हिडिओ 75 एमबी खातो. तेवढंच बोलणं 32 किलोबिटच्या ऑडिओत 2.4 एमबीत बसतं. सोबत वहीतल्या आकृतीचा फोटो दिलास की पुरे.

आता प्रश्न. इथे मात्र जीव ओत. 6 आणि 3 ओहमचे रोध समांतर जोडले तर एकूण किती? उत्तर 2. चुकीचे पर्याय मनाला येतील ते टाकू नकोस. 9 ठेव, कारण एकसर जोडणीचं सूत्र लावणारा तिथेच जातो. 0.5 ठेव, कारण एक षष्ठांश आणि एक तृतीयांश मिळवून शेवटी उलटायला विसरणारा तिथे थांबतो. मूडलमध्ये प्रत्येक पर्यायाला वेगळा अभिप्राय लिहिता येतो. 'चूक' एवढंच लिहिणार असशील तर कागदावरची परीक्षा काय वाईट होती? पोरगं नेमकं कुठे घसरलं ते त्याला सांग. एका धड्याला असे दहा प्रश्न काढायला आठवडा गेला तरी जाऊ दे.

पीयूसीला, म्हणजे अकरावी-बारावीला, विज्ञान घेतलं की बहुतेकांना सगळं इंग्रजीत येतं आणि तिथे आपली पोरं गांगरतात. मूडलच्या शब्दावलीत 'रोध', 'विद्युतधारा' यांचे इंग्रजी शब्द आत्ताच भर. आपोआप दुव्याची सोय चालू केलीस, तर मजकुरात तो शब्द आला की दुवा जोडला जातो.

आणि पालकांची संमती घे. 18 वर्षांखालच्यांसाठी ती लागते, वैयक्तिक डिजिटल माहितीच्या संरक्षणाच्या 2023 च्या कायद्यात तसं आहे. नाव आणि शाळा सोडून जास्त काही विचारूच नकोस.

आठवडाभर कुणी दिसलं नाही तर मेसेज नको, घरी फोन कर. बोलता बोलता कळतंच, रिचार्ज संपलाय की मन उडालंय.

एसएसएलसीच्या जुन्या प्रश्नपत्रिका माझ्याकडे आहेत. शनिवारी गाडी घेऊन ये, गठ्ठा जड आहे.

तुझे सर