अरिमाला पहिल्यांदाच जाताय?

कॅरिबियन बेटांपैकी त्रिनिदादला गेलात तर तिथल्या अरिमा शहरासाठी गाडी भाड्याने घेऊ नका. राजधानी पोर्ट ऑफ स्पेनच्या सिटी गेट बसस्थानकावरून लाल पट्ट्याची मॅक्सी टॅक्सी (प्रवासी मिनीबस) पकडा. जमलं तर ऑगस्टअखेरीस जा. सांता रोझा या ख्रिस्ती संत स्त्रीच्या उत्सवाच्या मिरवणुकीत तिथल्या मूळ रहिवाशांची 'कॅरिब राणी' मानाने चालते. फोटो मात्र विचारूनच काढा.

कसावाची (ज्यापासून साबुदाणा होतो त्या कंदाची) भाकरी दिसली की घ्या. कोरडी, कडक, चवीला साधीच. पण कडू कसावा विषारी, किसून रस पिळून काढावा लागतो, हे कळलं की तिचं मोल कळतं.

नाश्त्याला डबल्स: दोन मऊ 'बारा' (आकडा नव्हे, आपल्या वड्याचा भाऊबंद) आणि वर रसदार चणे. तिखट 'स्लाइट'च सांगा. मी कोल्हापुरी तोऱ्यात भरपूर मागितलं आणि डोळे पुसत उभा राहिलो.