मुलाखतीत स्वतःबद्दल बोलताना मॉक पॅनेलचं किती ऐकायचं?

एका मॉकमध्ये, म्हणजे सराव मुलाखतीत, ‘गर्विष्ठ वाटता’, दुसऱ्यात ‘आत्मविश्वास कमी पडतो’, आणि दोन्हीकडे उत्तर तेच दिलेलं. तुमच्या पोस्टमध्ये हे वाचलं आणि राहवलं नाही, कारण यूपीएससीच्या मुलाखतीआधी मी याच कात्रीत सापडले होते. कपडे, नमस्कार, स्वतःचा डीएएफ (मुलाखतीआधी भरलेला सविस्तर अर्ज) तोंडपाठ असणं, हे सगळं तुम्हाला ठाऊक असेलच. ते सोडून देते.

मी तेव्हा पाणीपुरवठ्यात कनिष्ठ अभियंता होते. एका गावात वरच्या आळीला पाणी चढत नव्हतं. जलजीवन या नळपाणी योजनेच्या कागदावर दररोज दरडोई 55 लिटर, प्रत्यक्षात खालच्या आळीत अंगणं धुतली जायची आणि वर हंडे कोरडे. मी दोन्हीकडचा दाब मोजला, मध्ये वॉल्व्ह टाकायचा प्रस्ताव दिला आणि आळ्यांना पाण्याच्या वेगळ्या वेळा ठरवून दिल्या. कामाबद्दल विचारलं की मी हेच सांगायचे.

एका बऱ्यापैकी नावाजलेल्या क्लासने (नाव घेत नाही) हे उत्तर कापलं. म्हणे, ‘सारखं मी-मी येतंय, मुलाखत घेणाऱ्या बोर्डाला उर्मटपणा वाटेल.’ बदल्यात वाक्य दिलं: ‘आमच्या टीमने ग्रामीण पाणीपुरवठ्यात भरीव योगदान दिलं, त्यातून माझे नेतृत्वगुण विकसित झाले.’ फीडबॅकच्या कागदावर कॉन्फिडन्ससमोर नुसता आकडा, कारण काहीच नाही. रेकॉर्डिंग मागितलं तर ‘पाठवतो’ म्हणाले, ते कधी आलंच नाही. फी मात्र आगाऊ घेतली होती. धौलपूर हाऊसमध्ये, म्हणजे यूपीएससीच्या दिल्लीतल्या कार्यालयात, खऱ्या मुलाखतीत ते वाक्य म्हटल्यावर एका सदस्यांनी शांतपणे विचारलं, ‘टीमचं कळलं, तुम्ही काय केलंत?’ घोटून घेतलेल्या वाक्यातून वॉल्व्हपर्यंत परत जाता येईना. एकूण 2025 पैकी 275 गुण या अर्ध्या तासाच्या बोलण्याचे असतात. माझं ते वर्ष तिथेच गेलं. याचा राग अजून आहे, कारण आजही मुलंमुली असलीच वाक्यं घेऊन माझ्याकडे येतात.

माझं मत ठाम आहे. ‘मी केलं’ म्हटल्याने कुणी गर्विष्ठ वाटत नाही. ‘मी मेहनती आहे, माझ्यात नेतृत्व आहे’ असे निकाल आपणच द्यायला लागलो की खटकतं. तो निकाल बोर्डाने द्यायचा. आपण काम सांगायचं, आणि आपली हद्द जिथे संपते तिथे थांबायचं. पुढच्या वेळी मी सांगितलं ते असं: दाब मोजणं आणि वेळापत्रक माझं, मंजुरी उपअभियंत्यांची, खालच्या आळीला राजी केलं सरपंचबाईंनी, आणि मे महिन्यात विहीर आटल्यावर ते वेळापत्रकही कोलमडलं. मग बराच वेळ बोर्ड त्या विहिरीबद्दलच विचारत राहिलं. आयोगाच्या अधिसूचनेतही मुलाखत म्हणजे उलटतपासणी नव्हे, दिशा असलेला सहज संवाद, असंच म्हटलंय. गुण वाढले, पण बोर्ड वेगळं होतं, तयारीही वाढली होती, त्यामुळे सगळं श्रेय या एका बदलाला देणार नाही. मी कुणी मार्गदर्शक नाही, हा माझ्यापुरता अनुभव.

मॉक हवेच असतील तर एक-दोन द्या, पण उत्तर आधी अशा माणसाला ऐकवा जो त्या कामावर तुमच्याबरोबर होता. मी आमच्या पंप ऑपरेटर काकांना ऐकवलं. ते म्हणाले, ‘वॉल्व्ह बसवताना खड्डा आम्ही खणला, ते कुठंय यात?’ ते घातलं. त्यांच्यासमोर न अडखळता बोलता आलं की बोर्डासमोर ‘मी’ म्हणायला घाबरू नका. घरच्यांना ऐकवून उपयोग नाही, त्यांना सगळंच छान वाटतं.

आणि मराठीतून मुलाखत देणार असाल तर वाक्यं छोटी ठेवा. आपल्याला ‘थोडंफार’, ‘जमेल तसं’, ‘माझ्या परीने’ जोडायची सवय असते. मराठी माणसाला ती नम्रता कळते, पण दुभाष्याकडून पलीकडे जाताना त्याची नुसती शंका होऊ शकते. जे केलं ते सरळ सांगा, जे येत नाही तेही तितकंच सरळ. डीएएफमधल्या छंदांनाही हेच लागू: ‘वाचन’ एवढंच लिहिलं असेल तर अलीकडे काय वाचलं आणि त्यातलं काय पटलं नाही, एवढं तयार ठेवा.