फाइल असते कुठे?

प्रश्न: आईच्या मोबाइलमध्ये वडिलांचे जुने फोटो आहेत, पेन्शनच्या पीडीएफ आहेत, पण त्या कुठल्या फोल्डरमध्ये ते सापडतच नाही, वर सारखं 'स्टोरेज भरलं, प्लॅन घ्या' येतं. दुकानदार म्हणतो सोपं पडावं म्हणूनच असं केलंय. खरंच आपल्या सोयीसाठी, की हा धंदा आहे?
– एक वाचक, नाशिक

उत्तर: सुरुवात सोयीपासून झाली, हे मान्य करायला हवं. फोल्डरात फोल्डर ही भानगड कित्येकांना कधी झेपलीच नाही, डेस्कटॉपवर पसरलेल्या शंभर फायली आपण सगळ्यांनीच पाहिल्यात. २००७ ला आयफोन आला, फोटो फोटोत, गाणी गाण्यांत, फाइल हा प्रकारच समोर नाही, आणि नातवापासून आजीपर्यंत सगळ्यांना तो जमला. ॲन्ड्रॉइडने २०१९ मध्ये १० व्या व्हर्जनपासून ॲप्सना बाकीच्या फायलींपासून लांब ठेवायला सुरुवात केली त्यालाही कारण होतं, आधी स्टोरेजची परमिशन दिली की साधं टॉर्चचं ॲपसुद्धा तुमचे फोटो आणि कागदपत्रं चाळू शकायचं.

पण आयफोनवर 'फाइल्स' ॲप यायला २०१७ उजाडलं, म्हणजे दहा वर्षं, आणि मधे २०११ ला आयक्लाउड, म्हणजे ॲपलची ऑनलाइन साठवण, आलं ते ५ जीबी फुकट घेऊन, फोन २५६ जीबीचे झाले तरी फुकटचे ५ चे ५ च. गूगल फोटोजने थोड्या कमी क्वालिटीत हवे तेवढे फोटो फुकट ठेवू दिले, सवय लागल्यावर जून २०२१ पासून ते बंद, आता जीमेल, ड्राइव्ह, फोटो सगळं मिळून १५ जीबी. आपली वस्तू कुठे ठेवलीय हेच ज्याला माहीत नाही तो ती उचलून दुसरीकडे नेणार कशी, मग दर महिन्याला पैसे भरत राहतो. मला राग याचा येतो. फोल्डर दाखवू नका हवं तर, पण सामान बाहेर काढायचा दरवाजा तरी समोर ठेवा ना.

आईचा फोन ॲन्ड्रॉइड असेल तर केबलने कॉम्प्युटरला जोडा, फोनवर 'फाइल ट्रान्सफर' निवडा. कॅमेऱ्याचे फोटो डीसीआयएम फोल्डरमध्ये असतात, पीडीएफ आधी डाउनलोडमध्ये बघा, व्हॉट्सॲपवर आलेलं सगळं ॲन्ड्रॉइड फोल्डरमधल्या मीडियाच्या आत सापडेल. गूगलवर चढलेलं असेल ते टेकआउटमधून, म्हणजे आपला डेटा उतरवून घ्यायच्या गूगलच्याच सोयीतून, उतरवता येतं. वडिलांचे फोटो आधी काढून दोन वेगळ्या ठिकाणी कॉपी करा, ते उघडतायत का बघा, प्लॅनचं नंतर.