अमेरिकन यादवी युद्धातली सर्वांत रक्तरंजित लढाई कोणती, गेटिसबर्ग की अँटिएटम?

गेटिसबर्ग. अँटिएटमचा उच्चांक फक्त एका दिवसापुरता आहे. १७ सप्टेंबर १८६२ रोजी मेरीलँडमध्ये एका दिवसात सुमारे २३ हजार सैनिक हताहत झाले. गेटिसबर्गला १ ते ३ जुलै १८६३ या तीन दिवसांत हा आकडा ५१ हजारांच्या आसपास गेला. पण ‘५१ हजार मेले’ असं जे सर्रास लिहिलं जातं ते चूक आहे. त्यात जखमी, कैद झालेले आणि बेपत्ताही धरलेले आहेत. रणांगणावर ठार झाले ते साधारण सात-आठ हजार. जखमांनी नंतर दगावले ते वेगळे. हे आकडे मुख्यतः दोन्ही सैन्यांच्या हजेरीपटांवरून आणि अहवालांवरून काढलेले आहेत. दक्षिणेची, म्हणजे फुटून निघालेल्या राज्यांची, कागदपत्रं अपुरी असल्याने त्यांचे सेनापती रॉबर्ट ली यांच्या सैन्याची हानी कुणी २३ हजार धरतं, कुणी २८ हजार. आणि खरं सांगायचं तर, लढायांपेक्षा छावण्यांनीच जास्त माणसं खाल्ली: या युद्धात मेलेल्या सैनिकांपैकी जवळपास दोन-तृतीयांश हगवण, विषमज्वर, न्यूमोनिया अशा आजारांनी गेले.