लग्नातल्या संशयावरचं तुमचं आवडतं जुनं रॉक गाणं कोणतं, आणि का?

एल्व्हिस प्रेस्लीचं 'सस्पिशस माइंड्स', १९६९. दुसरं नावच सुचत नाही.

हॉस्टेलात मित्राच्या टेपरेकॉर्डरवर पहिल्यांदा ऐकलं. साडेतीन मिनिटांच्या आसपास आवाज विरत गेला. मला वाटलं कॅसेट गंडली, म्हणून आवाजाचं बटण पूर्ण पिळलं. तेवढ्यात गाणं पुन्हा उसळून वर आलं आणि शेजारच्या खोलीतून भिंतीवर बुक्के बसले! मूळ ध्वनिमुद्रण मेम्फिसच्या अमेरिकन साउंड स्टुडिओत चिप्स मोमनने केलेलं. ही विरून परत येण्याची करामत मागाहून एल्व्हिसचा निर्माता फेल्टन जार्विस याने घातली. तेव्हा नुसती गंमत वाटली होती. लग्नाला काही वर्षं झाल्यावर तीच जागा ओळखीची वाटायला लागली. "जाऊ दे, विषय संपला" म्हणून दिवा मालवायचा, आणि दहा मिनिटांनी अंधारातून आवाज येतो, "पण मग तेव्हा खोटं का बोललास?"

मधलं कडवंही तसंच. धावता ठेका एकदम संथ होतो, केरव्यातून दादऱ्यात यावं तसा. एल्व्हिस जवळजवळ गयावया करतो, डोळे पूस, आपलं प्रेम असं मरू द्यायचं नाही. वाटतं, आता समेट होणार. कसला समेट? पहिला ठेका परत सुरू, आणि दोघं पुन्हा त्याच सापळ्यात.

यात मेख अशी की आपण ऐकतो ती फक्त नवऱ्याची बाजू. तो म्हणतो, मी तुझ्याशी कधी खोटं बोललो नाही. गाणं लिहिलं मार्क जेम्सने. तेव्हा त्याचं लग्न झालेलं होतं, पण मन लहानपणीच्या प्रेयसीत अडकलेलं, आणि बायकोला ते जाणवत होतं. म्हणजे बाईचा संशय अगदीच हवेतला नव्हता की! हे कळल्यापासून मी गाणं तिच्या बाजूने ऐकतो, आणि ते जास्त चांगलं लागतं.

जेम्सने १९६८ मध्ये ते स्वतः गाऊन पाहिलं होतं. मांडणी जवळपास तीच, तरी आपटलं. एल्व्हिसचं मात्र नोव्हेंबर १९६९ मध्ये अमेरिकेत पहिल्या क्रमांकावर गेलं. १९७३ मध्ये एल्व्हिसचा घटस्फोट झाला, म्हणून काही जण यात त्याचा संसार शोधतात. मला ते ओढूनताणून वाटतं, शब्द त्याचे नव्हतेच.

गाण्यात एक ओळ येते, जुनी ओळखीची व्यक्ती सहज येऊन भेटली, बोलली, तर तुझ्या डोळ्यांत तोच संशय दिसेल का? मी बायकोला कौतुकाने अर्थ सांगितला. भाजी निवडता निवडता तिने एवढंच विचारलं,

"कोण भेटली?"